शिवेवरची कोंबडी

३ नोव्हेंबर
इंझोरीहून जीपनं शेलूबाजारले आली, लिलामावशीकडे. मायनं मुरमुऱ्याचे लाडू देले. नववीत शाळा सोडली, आता हायवेवरच्या मोबाइलच्या दुकानात काम. काच पुसा, कव्हर लावा. गिऱ्हाइकाशी बोलाची लाज वाटते. रिपेरिंगवाला करण म्हने, मुकी हायेस काय वो? सगळे हासले. पन मंग त्यानंच चहा आनून देला. त्याले सारखी उचकी लागते, कोंबडीवानी, कुक! मावशीची पोरगी संस्कृती सहावीत हाये, दिवसभर माह्या मांगं मांगं.

६ नोव्हेंबर
करणनं जुन्या मोबाइलात गेम देला. कोन्या पोट्ट्यानं एकट्यानंच बनवला म्हने. लय येडा गेम! रताळं रडते, बेडूक लग्नाच्या पत्रिका वाटते. भेटला त्याले मारायचं का सोडायचं, आपनच ठरवायचं. जसं वागशीन तसा शेवट. करण म्हने, तू मायाळू हायेस, तुले जमते. असं मले कोनीच म्हनलं नव्हतं. म्या कोनालेच मारलं नाई.

९ नोव्हेंबर
गेमात गावाची शीव आली. तिथं कोंबडी, डोक्याले कुंकू, एक डोया बंद. मारा, सोडा, नाईतर घरी न्या. माहा हात थांबला. आमच्याकडे आजारी मानसावरून उतरवलेली कोंबडी शिवेवर सोडतात. तिले घरी आनली की पीडा आपल्या मांगं. करणले सांगतलं त हासला. म्हने, पागल, गेम हाये हा, बिचारी उपाशी मरीन. म्या घेतली.
तवापासून करणची उचकी बंद.

१० नोव्हेंबर
मले उचकी लागली. कुक. करण दुकानात आलाच नाई.

१२ नोव्हेंबर
डावा डोया उघडत नाई. गिऱ्हाइकासमोर तोंड उघडलं त कोंबडीचा आवाज. मावशी म्हने, नाटकं नोको करू. करणले फोन लावला. कुक आयकलं न त्याले समजलं. म्हने, मले बी हा गेम असाच कोनी देला होता. तू दुसऱ्याले दे. घेनारा मायाळूच पायजे.
म्हनून मी मायाळू.

१३ नोव्हेंबर
कोनाले नाई देनार. मोबाइल गव्हाच्या कोठीत, खाली —

१४ नोव्हेंबर
कोठी उघडी. संस्कृतीच्या हातात मोबाइल — म्हने, ताई, बिचारी कोंबडी, घरी नेऊ का — मी वरडली — कुक — ते हासली —
तिनं घेतली त मी सुटीन — नाई — लिवून दाखवते — संस्कृती, घेऊ नोको, घरी नेऊ न

उचकी थांबली.
माह्या तोंडातून तिचं नाव निंगालं. साफ.
तिकडून — कु