शेकाची कॅसेट

१८ नोव्हेंबर १९९६, कर्जत

पोस्टमनने पाकीट दिलं. आत कॅसेट! पुण्याच्या दवाखान्याने पाठवलीय. वर लिहिलंय — 'शेक घेण्यापूर्वी ऐका.' कॅन्सरच्या ऑपरेशनला दीड महिना झाला, उजवा स्तन काढला. आता येत्या सोमवारपासून पुण्यात पंचवीस दिवस मशीनचा, किरणांचा शेक. शंका असतील त्या गुरुवारी तीनला फोनवर विचारायच्या. म्हणजे मास्तरीणबाईंनाच गृहपाठ!

१९ नोव्हेंबर

ऐकली. एक नर्सबाई बोलतात, गोड आवाज. मशीन अंगाला लागत नाही, दुखत नाही, दोन-चार मिनिटांत उठायचं. छातीवर जांभळ्या शाईने रेघा मारतात, त्या पुसायच्या नाहीत. माझ्या अंगावर कुणीतरी समास आखणार! हसू आलं. मग रडूही आलं.

सासूबाई चुलीपाशी मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करत होत्या. गुडघ्यांसाठी, रोजचंच. कान मात्र इकडे. "शेक घ्यायला पुन्याला कशाला जायाचं? घरात मीठ न्हाई का?" म्हटलं, आत्या, तो शेक निराळा. "निराळा म्हंजी कसा?" — आली का पंचाईत! मलाच कुठे कळलंय.

२० नोव्हेंबर

शंका लिहिल्या. मध्येच लाईट गेली तर? (आमच्याकडे रोज जाते!) आत मी एकटीच, मग नर्सबाईंना कुठून दिसतं? आणि अंगात काही राहतं का — सायलीचं बाळ मांडीवर घेता येईल ना? लेकीचं पहिलंच बाळ. हीच खरी शंका, बाकीच्या सोबतीला.

सासूबाईंनीही दोन घातल्या. "म्हाताऱ्या बाईला देत्यात का? आन् आदी कापावंच लागतं का?" आत्या, शेक मला घ्यायचाय की तुम्हाला? "इच्यारायला काय जातंय!" सत्तरीत एवढ्या चौकशा! लई हुशार बाई.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

एसटीडी बूथवर गेलो. हे दाराशी, मी आत. नर्सबाई त्याच! बाळ खुशाल घ्या म्हणाल्या, अंगात काही राहत नाही. जीव भांड्यात पडला. तिथेच रडले. लाईट गेली की मशीन आपोआप बंद होतं. त्या शेजारच्या खोलीतून बघत असतात.

सासूबाईंचंही विचारलं. वयाचं काही नाही, कापायचं की नाही ते डॉक्टर तपासून ठरवतात. "पण बाई, ह्या शेक शब्दाने फार घोटाळा होतो. बायका गाठीवर वीट, मीठ शेकत बसतात. गाठ जात नाही, वेळ जातो."

घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सासूबाई तव्याकडे वळल्या. काय झालं हो आत्या? "काय न्हाई. भाकर करपंल."

२२ नोव्हेंबर

सासूबाईंनी कॅसेट पुन्हा लावायला लावली. तिसऱ्यांदा!

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी पुरचुंडीचं फडकं धुऊन दोरीवर. म्हटलं, गुडघे राहिले वाटतं? त्यांनी दाराला कडी घातली, चोळी सोडली. डावीकडे लिंबाएवढी गाठ, वरची कातडी भाजून काळी.

उद्याच्या एसटीने दोघी जातोय.

"दोन दिवाळ्या झाल्या मुक्ते," म्हणाल्या. "मला वाटलं, शेकतेच हाय की."