चाळीस तासांचा पहारा

सेंट मेरीज, मेरीलँड. ४ सप्टेंबर १७०४

सुखरूप पोचले. धाकटी बहीण विनिफ्रेड धक्क्यावरच उभी होती. आधी मिठी मारली, मग माझ्या टोपीला हसली. फ्लँडर्सच्या कॉन्व्हेंटमध्ये तीस वर्षं मुलींना लॅटिन शिकवून निवृत्त झालेल्या बाईचं स्वागत असंच व्हायला हवं. राजधानी अ‍ॅनापोलिसला गेल्याला नऊ वर्षं झाली. गव्हर्नर गेला, मागोमाग वकील गेले, मग खाणावळी. उरलीत अकरा घरं आणि विटांचं आमचं चर्च. जेवायला मक्याची भाकरी आणि कालवं. मी खूश आहे.

१० सप्टेंबर

आज चर्चमध्ये चाळीस तासांची आराधना सुरू झाली. वेदीवर पवित्र भाकर ठेवली की तिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. एकाने तासभर गुडघे टेकायचे. पुढच्याने येऊन खांद्याला हात लावला, की मगच उठायचं. तास चाळीस, माणसं सात. म्हातारा सुतार जर्व्हेज म्हणाला, बाई, पूर्वी यासाठी रांग लागायची; आता माझे गुडघेही अ‍ॅनापोलिसला जायचं म्हणतायत. विनी नेहमी वेदीसमोरच बसते. त्या फरशीखाली तिचा नवरा आणि लहानगा मुलगा रॉबर्ट पुरलेले आहेत.

११ सप्टेंबर

शेरीफ आला. कॅथलिकांचं चर्च बंद करण्याचा गव्हर्नरचा हुकूम. विनी पहाऱ्यावर होती. उठा म्हणाला, ती म्हणाली, खांद्याला हात लागलेला नाही. मग बस कयामतीपर्यंत, म्हणून तो हसला आणि दोघांकरवी तिला उचलून बाहेर ठेवलं, पोतं ठेवावं तसं. भाकर घेऊन फादर नदीपलीकडे गेले. दाराला कुलूप. शेरीफ काय लायकीचा आहे हे मी त्याला लॅटिनमध्ये सांगितलं. त्याला कळलं नाही, हेच दुःख.

१५ सप्टेंबर

आमचे बडे कॅथलिक जमीनदार म्हणतात, धीर धरा. त्यांच्या घरात खाजगी वेदी आहे, धीर परवडतो.

विनी जेवत नाही. माझा पहारा अर्धा राहिला, म्हणते, फरशीखालून कुणीतरी उठून तो करतंय. मी झापलं. मेलेले प्रार्थना मागतात, करत नाहीत. हे पहिलीतल्या मुलीलाही येतं.

१८ सप्टेंबर

तिची समजूत काढायला भर दुपारी खिडकीतून आत पाहिलं. वेदीसमोर सात दिवसांची धूळ. त्यात दोन गुडघ्यांच्या खुणा. लहान मुलाच्या.

विनीला म्हटलं, काही नाही.

२१ सप्टेंबर

सकाळी ती मक्याचे दाणे काढत होती. एकदम डाव्या खांद्याकडे पाहिलं, मान डोलावली, एप्रन झटकून निघाली. चर्चच्या बंद दारासमोर गुडघे टेकले. मी ओढलं, जर्व्हेजने ओढलं. हलेना. म्हणाली, ताई, ओढू नकोस. नुसता हात लाव, मी उठते.

हा अडाणीपणा आहे, म्हणाले मी. आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

अडाणीपणा वाटला म्हणून नाही. भ्याले.

२३ सप्टेंबर

विनी गेली. तशीच, गुडघ्यांवर. पाय सरळ होईनात. जर्व्हेजला शवपेटी आखूड आणि उंच करावी लागली.

२६ सप्टेंबर

पेटी बनवून तीन दिवसही झाले नाहीत, जर्व्हेजने करवत खाली ठेवली. डाव्या खांद्याकडे पाहिलं. आता तो दारासमोर आहे.

सहा घरांनी सामान होडीत भरलं. शेरीफला सांगितलं, म्हणाला, तुमचे सांधे तुम्ही सांभाळा.

२९ सप्टेंबर

जर्व्हेजचे ओठ काळे पडलेत. विनीसारखेच.

मी त्याच्या खांद्याला हात लावला. तो उठला. माझ्याकडे न बघता म्हणाला, बाई, कुणाला तरी पाठवतो. शेवटच्या होडीत बसला —

३० सप्टेंबर

चर्चच्या उंबऱ्यावर वही ठेवून, गुडघ्यांवरूनच लिहिते. उठता येत नाही. लॅटिन, शिव्या, सगळं करून पाहिलं. एकाही घरातून धूर नाही. कुणी यायला गावात माणूस तर —

१ —

दुपार. पावलं मागे. आखडून, खुरडत. ती चाल —

विनी, चुकले. हात लाव गं.

थांबली. सावली पडलीय वहीवर. हात दिसत नाहीत. दोन्ही हात तिने पाठीमागे बां