गोदामाच्या यार्डातली जाळी

४ एप्रिल
परत यार्डात गेले. सि.च्या अपघातानंतर पहिल्यांदा. जागा धुतलेली. उघड्या गटारीवर जाड पत्रा टाकलाय, त्याच्यावर कुणीतरी चहाचे कप ठेवले होते.
जुन्या झाकणाचं एक टोक ट्रकच्या चाकाखाली दबलं, दुसरं उसळलं, आणि सिद्धाराम तिथंच टेप धरून वाकलेला. गुडघ्याखाली पाय राहिला नाही. फरसबंदीची कामं आम्ही दोघं नवरा-बायको मिळून घेतो. तो साइट, मी ड्रॉइंग. आता दोन्ही मी.
रफिकभाई मिस्त्री म्हणाले, "भाभी, इदर नक्को ठैरो. छाँव में चलो."
उभीच राहिले. काही वाटलं नाही. ऊन होतं, एवढंच.

७ एप्रिल
सकाळभर बाजूला बसून नुसत्या गाड्या बघितल्या. गेटातून येतात, नेमक्या गटारीवर ब्रेक मारतात आणि वजनकाट्याकडं वळतात. म्हणजे भार नुसता वरून पडत नाही, वळताना झाकण पिळलं जातं. सुटं असेल तर कधी ना कधी उसळणारच. फोर्कलिफ्टचं चाक तर लहान आणि टणक, सगळं वजन एका जागी.
चौकटीला बोल्टनं आवळलेली बिडाची जाळी पाहिजे. चौकट चॅनलमध्येच, म्हणजे गटारीच्या तयार काँक्रीटच्या पन्हाळीतच, ओतलेली. भरल्या ट्रकचं वजन पेलणाऱ्या वर्गाची, जमलं तर त्याच्याही वरची.
गोदामाचे मालक म्हणाले, "मॅडम, जुनीच झाकणं वेल्डिंग मारून बसवा की. साहेब असते तर ऐकलं असतं माझं."
भांडले नाही. नुसतं नाही म्हटलं. हल्ली ते सोपं जातं.

११ एप्रिल
घरी टीव्ही चालू, आवाज बंद. तीन प्रकारच्या जाळ्यांची चित्रं सि.च्या पुढ्यात ठेवली. "कुठली घेऊ?" त्यानं कूस बदलली. दवाखान्यातून आल्यापासनं हेच. हं, नको, पाणी. बास.
सासूबाई ताट घेऊन आल्या. "ऊटा आयतेनु?" जेवलीस का, हे त्या कानडीत विचारतात तेव्हा त्यांना उत्तर नको असतं, आपण जेवायला हवं असतं. जेवले. ताटात काय होतं ते आत्ता लिहिताना आठवेना.

१६ एप्रिल
नमुने आले. हलकी पत्र्याची जाळी मालकांच्या पसंतीची. त्यांच्यासमोरच तिच्यावरून साखरेची पोती लादलेली फोर्कलिफ्ट नेली. जाळी मधे खचली, कड वर आली. मालकांनी बुटानं ती कड दाबून बघितली.
"बिडाचीच आणा."
मग जाता जाता, "साहेबांना भेटायला येणार होतो हो. पाय उचलला नाही." म्हणाले आणि स्वतःच्याच शब्दाला दचकले. लाल झाले.
एरवी मला हसू आलं असतं. किंवा रडू.

२० एप्रिल
करमाळ्याहून दादाचा फोन. "चार दिस ये की हिकडं. एकटी किती ओढशील?"
काम आहे म्हटलं.
"आन् काम झाल्यावर?"
रेंज गेल्यासारखं केलं. काम झाल्यावर. त्याच्या पुढं...

२५ एप्रिल
खोदाई झाली. खाली काँक्रीटचा थर, त्यावर चॅनल. उतार मागच्या नाल्याकडं. खालच्या टोकाकडून बसवत वर येतोय.
सकाळी घरून निघताना फोनवर रफिकभाईंना सांगत होते, जाळी फरशीच्या बरोबरीनं घ्या म्हणून. मागून आवाज आला.
"जराशी खाली. बरोबरीनं नको. चाकाचा दणका कडेला बसंल."
सि. बोलला. भिंतीकडं तोंड करूनच.
रफिकभाईंना तेच सांगितलं, फोन ठेवला. काही वाटलं नाही. मग स्कूटीची किल्ली सापडेना. हातातच होती.

३० एप्रिल
दोन्ही बाजूंचं काँक्रीट ओतलं. जाळी कितीही दणकट असो, कडेचं काँक्रीट कच्चं राहिलं तर चौकट हलणार आणि परत तेच. ओल्या पोत्यांनी झाकलं, दोरी बांधली, 'दुसऱ्या गेटानं या' असा बोर्ड लावला.
दुपारी एक भरलेला ट्रक दोरी तोडून सरळ आत. मी जाऊन पुढं उभी राहिले. हॉर्न. हलले नाही. बंपर हात लागेल इतका जवळ येऊन थांबला. ड्रायव्हर उतरून ओरडला, "मरायचं हाय का, बाई?"
मी तुटलेली दोरी उचलून परत बांधायला लागले.
शेवटी त्यानंच गाडी मागं घेतली. रफिकभाईंनी पाण्याची बाटली दिली. मला झाकण उघडता येईना, त्यांनीच उघडलं.
घरी सांगितलं नाही.

१ मे
रफिकभाईंनी सि.ला फोन केलेला दिसतोय. मी घरी आले तर सि. पलंगावर उठून बसला होता.
"ट्रकपुढं का उभी राहिलीस?"
"काँक्रीट ओलं होतं."
"काँक्रीट परत ओतता येतं."
सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. मी हात-पाय धुतले, कपडे बदलले, वाळत घातलेले आणून घड्या घातल्या. सगळ्यांच्या.
काहीतरी म्हणायला हवं होतं. उद्या म्हणेन.

५ मे
अजून काही म्हटलं नाही त्याला. पोती ओली करणं चालू. या उन्हात पाणी टाकलं की वाफच होते.
परत दादाचा फोन. "काम संपलं की गाडी घेऊन येतो तुला न्यायला." नको म्हटलं नाही. ये असंही नाही म्हटलं. सि. ऐकत होता. डोळे मिटलेले होते, पण ऐकत होता.

१३ मे
पोती काढली. बोल्ट रफिकभाईंनी आवळले, मग मी परत फिरवून बघितले. टँकरचं पाणी सोडलं, कुठं न थांबता गेलं. मग भरलेला ट्रक. गटारीवर ब्रेक, वळण. सगळे चाकाकडं बघत होते, मी कान देऊन उभी. खडखडाट नाही. मालकांनी टाळ्या वाजवल्या, एकट्यांनीच.
गेटाबाहेर रिक्षा दिसली. आत सि. मांडीवर कुबड्या. दाढी केलेली, हनुवटीला कापलेलं.
"जाळी वाजली का?"
"नाही."
रिक्षावाला म्हणाला, "ताई, लई वेळ झाला हितंच थांबलोय. सायेब उतरत बी न्हाईत, आन् चल बी म्हणत न्हाईत."
सि.नं हात पुढं केला. उतरायला आधार मागतोय, की मला आत बस म्हणतोय, कळेना.
धरला.