स्वयंपाकघरातली खिडकी

कर्वेनगर, पुणे

ती. राधाक्का,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे बसूनच घालतो आहे, चालवून घे). गुडघा काय म्हणतो? लोणी काळभोरच्या एवढ्या मोठ्या घरात तू एकटीच जिने चढतेस, याची फार काळजी वाटते. पण भावाच्या घरी राहायचं नाही, हा तुझा हट्ट मला ठाऊक आहे. तो विषय या पत्रात काढणार नाही, अशी आनंदीने माझ्याकडून शपथच घेतली आहे.

बातमी अशी, की आमची जुनी इमारत पाडून नवी व्हायची आहे आणि तिच्या नकाशात मी एक खिडकी मिळवली आहे! आठवतं, शुक्रवार पेठेत आपण दोन खोल्यांत राहायचो, तेव्हा आपल्या आणि शेजारच्या मथुराबाईंच्या स्वयंपाकघरांमध्ये एक खिडकी होती? तिच्यातून विरजण जायचं, आमटी यायची, आणि वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून घरात काहीच नसलं तर आई चिमूटभर साखर घालायची. (एकदा दाराची कडी अडकली, तेव्हा तू मलाच त्या खिडकीतून पलीकडे सरकवलं होतंस, वाटीसकट.) घरं वेगळी, चुली वेगळ्या, पण कोण जेवलं नाही ते पलीकडे लगेच कळायचं. हे सगळं मी आमच्या आर्किटेक्ट पूर्णिमाबाईंना रंगवून सांगितलं. त्या तरुण आहेत. म्हणजे तुम्हाला प्रायव्हसी नव्हती का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हा शब्दच नव्हता.

आता सोसायटीला पटवायचं तर प्रत्यक्ष दाखवायलाच हवं, असं माझ्या डोक्याने घेतलं. पडणाऱ्या इमारतीत भोक पाडायला परवानगी कशाला? गवंडी बोलावला आणि ओट्यावरची भिंत फोडली. आपल्या स्वयंपाकघरापलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघरच असणार, हे मी शुक्रवार पेठेच्या हिशेबाने धरून चाललो होतो. इथे निघालं बाथरूम. आणि बाथरूममध्ये शेजारचे यज्ञेश्वरराव, डोक्याला साबण लावून. मी प्रसंगावधान राखून नमस्कार केला. ते शांतपणे म्हणाले, "आलाच आहात, तर टॉवेल द्या."

दिला. (संध्याकाळी आनंदीने समजूत काढायला वाटीभर शिरा पाठवला. वाटी रिकामी परत आली. घासून.)

सभेत माझी चांगलीच खरडपट्टी निघणार, याची मनाशी तयारी करून गेलो होतो. पण यज्ञेश्वरराव उठले आणि म्हणाले, "यांना खिडकी द्या. नाहीतर हे स्वतः पाडतील." ठराव एकमताने मंजूर! अक्का, मला इतका आनंद झालाय, की कंबरेचं दुखणंही विसरलो आहे.

तुझा,
श्रीनिवास

ता. क. : यज्ञेश्वररावांनी नव्या इमारतीत आमचा शेजार सोडून वरचा मजला मागून घेतला आहे. त्यामुळे खिडकीपलीकडचं घर मोकळं आहे. वेगळं दार, वेगळा ओटा, दारावर तुझं नाव, शिवाय लिफ्ट. हे भावाचं घर नव्हे, भावाच्या शेजारचं आहे. येशील ना? खिडकी मी तुझ्यासाठीच मागितली होती.

ता. क. दुसरा : आनंदीने पत्र वाचलं. शपथ मोडली म्हणून रागावली आहे. खिडकीला कडी हवीच आणि ती वन्संच्या बाजूने हवी, असं तिचं म्हणणं आहे, नाहीतर हे ऊठसूट डोकावतील. पहिली वाटी मात्र तीच भरून पाठवणार आहे. रिकामी परत करू नकोस, एवढंच बघ.