तीनदा दाबलेला गोळा

मंगळवार, दिवेलागण. रिठद.

मी सांगून राह्यली अन् नात पूर्वा लिहून राह्यली. मले अक्षर येत नाही, म्हणून माझ्या मनातलं आधी हिलेच कळते. आज तीच पंचाईत आहे.

सकाळी पूर्वानं काळा मसाला अन् लसूण घालून पावाची कणीक भिजवली, खमीर टाकलं, फडकं झाकलं अन् शिलाईच्या क्लासले गेली. मी फडकं उचललं, तर गोळा फुगून बसलेला. गोवरीच्या आरावर भाजाच्या रोडग्याची कणीक मी अशी सैल ठेवली असती, तर सासूनं माहेरी धाडलं असतं. म्हणून मूठभर कोरडं पीठ घालून दाबून मळला. तो पुन्हा फुगला. मी पुन्हा पीठ घालून दाबला. असं तीनदा. हट्टी होता, पण मी काय कमी?

पूर्वानं येऊन मामाकडून आणलेल्या ओव्हनमधी भाजला, तर पाव निघाला तो पाट्यासारखा. पूर्वा रडली. म्हणे, "आजी, खमीरच खराब होतं. मले हे जमत नाही. मामाचा ओव्हन वापस देते."

मी गप बसली. कायले बसली?

तर लिही पोरी, खमीर चांगलं होतं. हात माझा होता.

पेन थांबला.

"तीनदा, आजी?"

"तीनदाच लिही. कमी करू नको."

आधी डोळे वटारले, मग पोट धरून हसली. म्हणते, उद्या पुन्हा करते, पण तू ओसरीतच बसाचं. मी कबूल केलं. पावात मीठ कमी होतं, ती चूक मात्र तिची. तेही तिच्याच हातानं लिहून घेतलं.