रंगवलेला बीच

तीर्थरूप बाबा,

झ्वोलहून योरीनचा नमस्कार. आम्ही मजेत. आईचा गुडघा कसा आहे?

तुमच्या रोपवाटिकेतून तुमच्या जावयाने, सीब्रेनने, हट्टाने निवडलेलं ते गोल बीचचं झाड! भर उन्हात महाशयांनी ते छाटलं. पानं करपली, तर शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून वर हिरवा रंग फवारला.

"अरे, झाड आहे की फाटक?" मी म्हटलं.

"वरून छान दिसतंय ना? झालं तर!"

असल्या माणसाला काय म्हणावं!

नोकरी गेल्यापासून तो दिवसभर बागेतच असतो. आईला हे सांगू नका. आज ओल्या फडक्याने एकेका पानावरचा रंग पुसत होता. मी हसले, तर म्हणाला, "निदान हे तरी जगू दे."

बाबा, रविवारी या. झाड बघायला आलोय, एवढंच त्याला सांगा.

तुमचीच,
योरीन