हिरवळीवरची तिसरी ओळ

ती. ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर जितकी परवानगी देते तितकंच वाकून). तुझा गुडघा कसा आहे? नातीला दात आले का, आणि आले असतील तर सध्या ती कोणाला चावते? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या भावजयीचं वजन आणि माझी स्मरणशक्ती यांचं एकमेकांशी काहीतरी ठरलेलं दिसतं, एक वाढतं तशी दुसरी कमी होते, पण एकूण घर समतोल आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "मुद्द्याचं बोल" म्हणतेस, आणि माझा मुद्दा यायला जरा वेळ लागतो हे तुला मी चड्डीत होतो तेव्हापासून माहीत आहे.

मुद्दा लॉनचा आहे. वर्षभरासाठी लेकीकडे निघताना, घराच्या किल्ल्या आम्हा दोघांकडे देऊन, तू गाडीची काच खाली करून जे बजावलंस ते मी विसरलेलो नाही. भाऊजींनी जिवापाड वाढवलेली हिरवळ, ते गेल्यावर तिच्याकडे बघायला कोणी नाही, तुझ्या चिरंजीवांना तिथे फरशी घालून दोन गाड्या उभ्या करायच्या आहेत, आणि मी मध्ये तोंड घालून म्हणालो की मी सांभाळतो. तेव्हा तू म्हणालीस, "वर्षभर सांभाळून दाखव. मी परत येईन तेव्हा वरच्या खिडकीतून हिरवं दिसलं तर राहील, नाहीतर त्याला फरशी घालू दे." आणि काच वर केलीस. ती काच वर जाताना मला माझी पाटी पुसल्यासारखं वाटलं होतं, पण ते असो.

आता वर्ष भरत आलं आणि पुढच्या महिन्यात तू येतेस, म्हणून झालं ते क्रमाने सांगतो. सुरुवातीला, म्हणजे थंडी ओसरून गवत हलायला लागलं तेव्हा, पहिली कापणी केली. तुझ्या यंत्राला उंचीची दांडी आहे आणि तिच्यावर एक ते पाच आकडे आहेत. मी विचार केला, आपण नवखे, पहिलीत नाव घालावं, जमलं तर दुसरीत जाऊ, एकदम पाचवीत कोण बसवतो? (हा विचार अजूनही मला सभ्य वाटतो.) पण ताई, त्या यंत्रात पहिली म्हणजे जमिनीला टेकून. दोन फेऱ्यांत लॉनची हजामत झाली आणि खालची माती, टोपी काढलेल्या टकलासारखी, लाजून वर बघायला लागली. शेजारचे दातांचे डॉक्टर कुंपण ओलांडून आले, गुडघ्यावर बसले आणि गवताचं एक पातं दोन बोटांत असं धरलं की आता ते "इथे दुखतं का?" असं विचारणार. त्याऐवजी त्यांनी मला सुनावलं की गवत उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी कधी कापायचं नाही, आणि यंत्राच्या पात्याला धार नाही, त्यामुळे मी कापलेलं नाही, उपटलंय. "भूल न देता," असंही म्हणाले. नंतर पातं धार लावून आणलं आणि दांडी चौथीवर ठेवली. मला स्वतःला चौथीनंतर शाळेत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

उन्हाळ्यात गवत जरा उंच ठेवायचं असतं, म्हणजे ते आपल्याच सावलीत बसतं. ही गोष्ट डॉक्टरांनी सांगितली तेव्हा मी त्यांच्याकडे नव्या नजरेने पाहिलं, कारण दाढांमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाक्य कसं सुचलं असेल? पण पाण्याच्या बाबतीत आमचं जमलं नाही. मी रोज संध्याकाळी नळी घेऊन थोडं थोडं शिंपडायचो, आकाशाचे रंग बघत, जुन्या कविता म्हणत. त्यांचं म्हणणं, आठवड्यातून एकदोनदाच, पण पहाटे आणि भरपूर, म्हणजे मुळं पाण्याच्या शोधात खोल जातात, नाहीतर ती आळशी होऊन वरच लोळत पडतात. (हे ऐकताना तुझी भावजय माझ्याकडे का बघत होती, कोण जाणे.) माझ्या संध्याकाळच्या पाण्याने रात्रभर ओल राहिली आणि कुंपणाच्या कडेने कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. मला त्या आवडल्या होत्या. हिने चपलेने उडवल्या.

पानगळीत झाडाखालची पिवळी पानं मी गोळा करायला नकार दिला, कारण वाळक्या पानांवरून चालताना जो आवाज होतो तो मी पाचवीत असल्यापासून जपून ठेवलाय. खाली गवत गुदमरतं असं डॉक्टर म्हणाले, मग हिनेच पंजा घेऊन सगळी पानं ओढली आणि ओढताना जे बोलली ते गवतालाही ऐकू आलं असेल. मग डॉक्टरांनी मातीत हवा जावी म्हणून खिळ्यांच्या चपला दिल्या. त्या बुटांवर बांधून लॉनभर चालायचं, भोकं पडतात, मुळं श्वास घेतात. मी चाललो. मधोमध पोचल्यावर एक जुनी ओळ आठवली म्हणून क्षणभर थांबलो आणि तेवढ्यात खिळे रुतले. डॉक्टर दवाखान्यातून येईपर्यंत मी तिथेच ध्वजासारखा उभा होतो. काढताना ते म्हणाले, "अक्कलदाढ याहून सोपी." थंडीत दव गोठलं की गवतावर पाय ठेवायचा नसतो, पाती मोडतात. हे काम मला उत्तम जमलं. त्या महिन्यांत लॉनकडून माझ्याविरुद्ध एकही तक्रार नाही.

आता खरं दुखणं. मागच्या महिन्यात खत घालायचं होतं. डॉक्टरांकडून खताची ढकलगाडी आणली, तळाला भोकं असलेली. चालत राहिलं की खत एकसारखं पडतं, थांबताना दांडी ओढून भोकं बंद करायची. सोपं आहे, तुझी नातही करेल. पण गाडीच्या चाकाला एक लय होती, आणि त्या लयीवर मला आपली चौथीतली नदीची कविता आपोआप यायला लागली, तीच, जी तू मला अंगणातल्या दगडावर बसवून पाठ करून घेतली होतीस:

चाल नदी गऽ, चाल हळू तू, काठावरती गवत निजे,
उगा खळाळत नको हसू तू, दवात त्याची उशी भिजे.

तुला आठवतं, गुरुजी म्हणायचे की स्वल्पविरामाला श्वास घेतला नाही तर कविता मरते. मी श्वास घेतला. प्रत्येक स्वल्पविरामाला थांबलो आणि ओळ संपली की जरा जास्त थांबलो. दांडी ओढायची राहिली. दोन ओळी झाल्या आणि मी लॉनच्या मध्यावर आलो, आणि ताई, तिसरी ओळ आठवेना. किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. हिने स्वयंपाकघरातून हाक मारली तेव्हा गाडी रिकामी झाली होती.

पंधरवड्यात उत्तर उगवलं. वरच्या खिडकीतून बघितलं तर गडद हिरव्या पट्ट्यात ठरावीक अंतरावर जळके पिवळे ठिपके, ओळीच्या शेवटी मोठा ठिपका, आणि मधोमध गाडीच्या चाकाएवढं काळंठिक्कर वर्तुळ. अख्खी कविता लॉनवर छापून निघाली होती, यतिस्थानांसह. डॉक्टर नुसतेच कुंपणाशी उभे राहिले आणि म्हणाले, "ही काढावी लागेल."

त्याच आठवड्यात तुझे चिरंजीव फरशीवाल्याला घेऊन माप काढायला आले. फरशीवाला चांगला माणूस, चारच मिनिटांत मला समजावून गेला की गवताला रविवार नसतो आणि फरशीला सगळे वार रविवारच. वरून एकदा सगळी जागा बघून घ्यावी म्हणून ते दोघे वर खिडकीपाशी गेले. मी खाली उभा होतो आणि मनातल्या मनात लॉनची माफी मागत होतो. वर बघतो तर चिरंजीवांचं माप थांबलेलं, एक बोट खिडकीच्या चौकटीवर टकटक करतंय आणि ओठ हलतायत. फीत फरशीवाल्याच्या हातात तशीच लोंबत होती. मग चिरंजीव खाली आले आणि ठिपक्याठिपक्याने चालत माझ्यापर्यंत पोचले.

"मामा, ही नदीची कविता ना? आई आंघोळ घालताना म्हणायची."

मी हो म्हटलं.

"आणि इथे काय झालं?" तो काळ्या वर्तुळाकडे बघत म्हणाला.

"तिसरी ओळ."

तो वर्तुळात उभा राहिला. म्हणून बघितलं, दोन ओळी झरझर आल्या आणि पुढे त्याचंही माझ्यासारखंच झालं. फरशीवाल्याने घड्याळ पाहिलं, घसा साफ केला, पांढरी की करडी असं विचारलं. चिरंजीव म्हणाले, "आज राहू दे. आधी ही ओळ आठवू दे." तुला भाऊजींचं माहीतच आहे, शब्दकोड्यातला एक शब्द अडला की जेवणाच्या ताटावरून उठायचे. मुलगा तंतोतंत तोच. तेव्हापासून तो रोज कामावरून परस्पर इकडे येतो, वर्तुळात उभा राहतो, मग नुसतं उभं राहून सुचत नाही म्हणून यंत्र घेऊन गवत कापतो (चौथीवर, मी न सांगता). जळलेल्या जागा त्याने भरपूर पाण्याने धुतल्या, मेलेलं गवत ओरबाडून काढलं, बी पेरलं. वर्तुळात कालच हिरवी लव दिसली. फरशीचा विषय निघालेला नाही.

तब्येतीला जप. गुडघ्यावर तेल लाव. नातीला गोड पापा.

तुझा,
डुलक्या

ता. क. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. चिरंजीव म्हणत होते की आणखी आठ दिवस प्रयत्न करतो, नाहीतर पुढच्या रविवारी आईलाच फोन करून विचारतो. ताई, तू आयुष्यात कधी काही विसरली नाहीस, तरी एवढ्या एका वेळी विसर. ओळ सापडली की फरशीवाला परत येईल.

ता. क. २. मला मात्र ती ओळ गुपचूप वेगळ्या पाकिटात पाठव. महिनाभर धड झोप नाही. गवत झोपतं, नदी हळू चालते, आणि मी मधोमध उभा.

(पत्र पाकिटात घालायला यांनी माझ्याकडे दिलंय म्हणून चार ओळी माझ्या.) ताई, नमस्कार. ती तिसरी ओळ मला पहिल्या दिवसापासून येते, आमच्याही शाळेत तीच कविता होती. पण हे रोज संध्याकाळी भाच्याची वाट बघत दारात बसतात, तो आला की दोघं चहा घेत भांडतात, आणि गवत मला कापावं लागत नाही. तेव्हा मी सांगितलेली नाही, आणि वेगळं पाकीट आलंच तर तेही आधी माझ्याच हातात पडतं. तुम्ही आल्यावर आपण दोघी वरच्या खिडकीत बसून म्हणू, खिडकी लावून.